सारा ब्राइटमनचा 'हिम': पाच वर्षं वाट पाहिली, आणि आता मनच ठरेना

अबोली | १५ नोव्हेंबर २०१८, रात्री १०:४०

इंग्लिश गायिका सारा ब्राइटमनचा नवा अल्बम 'हिम' (Hymn) ९ तारखेला आला. पहिल्यांदा ऐकला तो ऑफिसातून घरी येताना, मग घरच्या स्पीकरवर, मग रविवारी पहाटे गच्चीत हेडफोन लावून. तीनदा ऐकूनही आवडला की नाही हे मला सांगता येत नाहीये. म्हणून हा धागा.

थोडं मागचं सांगते. मी अकरावीत असताना मावसभावाने अमेरिकेहून १९९८ च्या 'ईडन'ची कॅसेट आणली होती. तेव्हा मी गाणं शिकत होते. एके दिवशी क्लासला ती कॅसेट घेऊन गेले आणि बाईंना ऐकवली. पाश्चात्त्य गाण्याशी बाईंचा काही संबंध नव्हता. त्यांनी डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ही मुलगी श्वास कुठे घेते गं?" आम्ही दोघींनी तो भाग पुन्हा पुन्हा लावला. श्वास काही सापडला नाही. त्यानंतर महिनाभर बाई प्रत्येकीला म्हणायच्या, "तिच्यासारखा लपव."

तेव्हापासून हिचा एकही अल्बम मी सोडला नाही. 'ला लूना' (२०००), 'हारेम' (२००३), 'सिंफनी' (२००८), 'ड्रीमचेसर' (२०१३). सगळे सारखेच आवडले असं नाही, पण प्रत्येकात तिचा आवाज मला लगेच भेटायचा.

'हिम'मध्ये तसं होत नाहीये. जिकडेतिकडे कॉयर. शंभर माणसं गातायत आणि त्यांच्या मागे कुठेतरी ती उभी आहे, असं वाटतं. ती आता ५८ वर्षांची आहे. आवाज बदलला असेल तर बदलू दे, मला तोच ऐकायचाय. पण तो बदललाय की झाकलाय, हेच कळत नाही.

शेवटी ते जगप्रसिद्ध निरोपाचं गाणं, 'टाइम टू से गुडबाय', पुन्हा घेतलंय, या वेळी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी शब्दांत आणि एकटीने. ते ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. गाण्यामुळे आलं की आठवणींमुळे, ते सांगता येत नाही.

ज्यांनी ऐकलाय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

तंबोरा_जुळवतोय | १५ नोव्हेंबर, रात्री १०:५८

शीर्षकात 'हिम' वाचून वाटलं, काश्मीर सहलीचा वृत्तांत आहे. आता आलोच आहे तर ऐकून येतो.

---

नीलपरी | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२५

अबोली, मला प्रचंड आवडला! पहिल्या दिवसापासून रोज ऐकतेय.

अल्बमचं नावच स्तोत्र आहे, मग कॉयर नको तर काय हवं? कोणत्याही मंदिरातली आरती आठव. एकच आवाज ऐकू यावा अशी तिथे आपली अपेक्षा नसते. सगळ्यांच्या आवाजात आपलाही मिसळला की जे वाटतं, ते मला इथे वाटलं. मुख्य गाणं बार्कले जेम्स हार्वेस्ट या इंग्लिश बँडचं आहे, १९७७ मधलं. मूळ गाणंही मी ऐकलं. तिने ते पार वर नेऊन ठेवलंय.

आणि निर्मितीला फ्रँक पीटरसन परत आलाय! 'डाइव्ह' (१९९३) पासून 'सिंफनी'पर्यंत हीच जोडी होती. 'ड्रीमचेसर' दुसऱ्या निर्मात्याबरोबर केला, तो मला कोरडा वाटला होता. हा ऐकताना माहेरी आल्यासारखं झालं.

---

दादरचा_कट्टा | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

माझं मत कडू लागेल, पण मनापासून लिहितो.

मी ऑपेरा ऐकतो. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात १५-१६ वर्षं जातोय. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून बहुतेक प्रत्येक मोसमात जातो. माइक नसताना पूर्ण वाद्यवृंदाच्या वरून माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, तेव्हा अंगावर काटा येतो. ती वर्षानुवर्षांची कमाई असते. 'क्रॉसओव्हर' मंडळी, म्हणजे ऑपेरा आणि पॉप यांची सरमिसळ करणारी, तीच लकब घेतात, तोच गोल स्वर लावतात आणि माइकसमोर गातात. मला ते न तापवलेल्या दुधावर साय शोधण्यासारखं वाटतं.

ब्राइटमन बाईंबद्दल आदर आहे. १९८५ च्या अँड्र्यू लॉइड वेबरच्या रेक्विएममध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात) त्या उत्तम गायल्या होत्या, सोबत ऑपेरागायक प्लासिदो दोमिंगो होते. पण त्यांचं शिक्षण नृत्याचं, पहिलं नाव झालं ते १९७८ मध्ये डिस्को गाण्यावर. अबोलीताई, तुम्हाला आज आवाज सापडत नाही म्हणता. माइकवर उभं असलेलं गाणं निर्मात्याच्या हातात असतं. त्याने बटण खाली केलं की आवाज मागे गेला.

---

नीलपरी | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

काका, माइकचं म्हणाल तर लताबाईही माइकसमोरच गायल्या. त्यांची कमाई कमी का? माइकसमोर हळू आवाजात सुरात राहणं किती अवघड आहे, ते एकदा करून पाहा. मंचावरून फेकायचा आवाज वेगळा आणि कानाशी बोलायचा वेगळा. साराला दोन्ही येतात. म्हणून तर ती मला आवडते.

नृत्य शिकली हा दोष कसा?

---

ध्वनिवेडा | १६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी रेकॉर्डिंगच्या कामात आहे, त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो. कट्टाकाका आणि नीलपरी दोघंही बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल.

ऑर्केस्ट्राच्या आवाजाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाताना तो उतरत जातो. ऑपेराचा तयार गायक, विशेषतः पुरुष, घसा आणि तोंडाची पोकळी अशी जुळवतो की ३००० हर्ट्झच्या आसपास त्याच्या आवाजाला धार येते. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो आणि आपला कान तल्लख. म्हणून एक माणूस साठ-सत्तर वाद्यांवरून ऐकू येतो. सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, वरच्या सप्तकात जबडा अधिक उघडून हेच काम वेगळ्या तऱ्हेने करतात. काका म्हणतात ती कमाई ही.

माइकसमोर या धारेची गरज उरत नाही. उलट ती टोचते. तिथे श्वासमिश्रित, मऊ, जवळचा आवाज वापरता येतो. ब्राइटमनची खासियत अशी की एकाच गाण्यात ती मऊ आवाजातून त्या डोक्यातल्या, घंटेसारख्या आवाजात जाते आणि सांधा दिसत नाही.

आता 'हिम'. अबोली, तुमचा कान बरोबर सांगतोय. मला ऐकू येतं ते असं: तिचा आवाज एकावर एक थरांत वापरलाय, त्यावर भरपूर घुमारा, आणि कॉयर त्याच पट्ट्यात बसवलाय. थर वाढले की शब्दाची कड बोथट होते. घुमाऱ्यात श्वास बुडतो. माणूस श्वासावरून जवळ वाटतो, तोच गेला की तो लांब उभा राहतो. ही निवड आहे, चूक म्हणणार नाही. पीटरसन 'एनिग्मा' या संगीतसमूहाच्या पहिल्या अल्बमवर होता आणि 'ग्रेगोरियन' हा समूह त्याचाच. देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमणारा आवाज त्याला पहिल्यापासून प्रिय आहे.

---

तंबोरा_जुळवतोय | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

ऐकला. पहिली सहा गाणी एका बैठकीत. मला ते जपानी संगीतकार योशिकीबरोबरचं गाणं फार आवडलं, ते उडी मारून आधीच ऐकलं. बाकी हळूहळू.

ध्वनिवेडा, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय. गुरुजी सांगायचे, "आवाज समोर ठेव, दातांमागे ठेव." त्याचं कारण आज इतक्या वर्षांनी कळलं.

---

मांडवी_काठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

पणजीहून लिहितोय. मी हिंदू घरातला, पण आमच्या वाड्यासमोरच चर्च. तिथे संगीत शिकवणाऱ्यांना आमच्याकडे मेस्त म्हणतात. त्यांच्या पडवीत बसून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलो. पुढे कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकलो आणि आज बावीस वर्षं कॉयरमध्ये टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गातो. त्यामुळे कॉयरच्या बाजूने बोलणं मला भाग आहे.

कॉयर म्हणजे मागचा पडदा नव्हे. कॉयरमध्ये सगळे एकदम श्वास घेत नाहीत. शेजारच्याने घेतला की आपण धरायचा, आपण घेतला की त्याने धरायचा. म्हणून सूर मिनिटभर न तुटता चालतो. अबोलीच्या बाईंनी 'श्वास लपव' सांगितलं होतं. आमच्याकडे एकमेकांचा श्वास लपवायला शिकवतात.

या अल्बममधलं एक गाणं मी लगेच ओळखलं. ते मुळात इंग्लंडमधल्या चर्चच्या उपासनेतलं गाणं आहे, आमच्याकडचे तरुण गिटारवर गातात. शब्द स्तोत्र ८४ वरून आलेत: तुझ्या अंगणातला एक दिवस सहस्र दिवसांहून उत्तम. आमच्या मेस्तांना हेच स्तोत्र फार आवडायचं. पंढरीच्या वाटेवरचा माणूसही याहून वेगळं काय म्हणतो? ती ओळ आली आणि मला अल्बमच्या बाकी सगळ्या कमतरता दिसेनाशा झाल्या.

आणि संगीतकार एरिक व्हिटॅकरबद्दल कुणी लिहिलंच नाही! अल्बममधलं त्याचं गाणं २०१३ च्या 'व्हर्च्युअल कॉयर'चं आहे. १०१ देशांतल्या ५,९०५ लोकांनी आपापल्या घरी गाऊन ८,४०९ व्हिडिओ पाठवले होते आणि ते सगळे आवाज एकत्र बांधले गेले. इथे त्याचे नेहमीचे गायक तिच्या सोबत आहेत. मला तिथे ती झाकलेली वाटली नाही. कॉयरमधलीच एक होऊन ती गायलीय. चाळीस वर्षं एकटीने प्रकाशात उभ्या राहिलेल्या बाईला हे करावंसं वाटलं, याचं मला कौतुक आहे.

---

अबोली | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मांडवी_काठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एकमेकांचा श्वास लपवायला शिकवतात, हे मला माहीत नव्हतं. उद्या पुन्हा ऐकते.

---

एडिसनकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ५:३०

न्यू जर्सीहून. अल्बम यायच्या आदल्या दिवशी, ८ तारखेला, याच अल्बमचा कार्यक्रम इथे चित्रपटगृहात दाखवला. बव्हेरियात नॉयश्वानश्टाइन किल्ल्याजवळ फ्युसेन गावात तळ्याकाठी थिएटर आहे, तिथे चित्रित केलेला. मी आणि बायको गेलो होतो.

अबोलीताई, तो जरूर पाहा. पडद्यावर तिचा चेहरा जवळून दिसतो. वरचा सूर लावायच्या आधी खांदे किंचित खाली येतात, मान स्थिर होते. तिथे मला ती आहे की नाही असा प्रश्नच पडला नाही. नंतर घरी अल्बम ऐकला आणि मला तर सगळं स्वच्छ ऐकू आलं, कारण चेहरा डोळ्यांसमोर होता. बायकोचं मत मात्र तुमच्यासारखंच. ती म्हणते, चेहरा आठवावा लागतो म्हणजे आवाजात काहीतरी कमी आहे. गाडीत या विषयावर चाळीस मिनिटं वाद झाला आणि एक्झिट चुकला.

---

दादरचा_कट्टा | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

एडिसनकर, सौभाग्यवतींना माझा नमस्कार कळवा. 

एक योगायोग कुणाच्या लक्षात आलाय का? त्या निरोपाच्या गाण्यातला दुसरा आवाज, आंद्रेआ बोचेल्ली, त्याचाही नवा अल्बम आत्ताच आला. २६ ऑक्टोबरला 'सी'. नव्या रचनांचा त्याचा १४ वर्षांतला पहिलाच. तो अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तसं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

तोही मी ऐकला. मला क्रॉसओव्हर पटत नाही हे पुन्हा सांगतो. पण तिथे आवाज पुढे आहे. साठीचा आवाज साठीचा म्हणूनच ऐकू येतो, वरच्या सुरावर कष्ट कळतात. मुलाबरोबर गायलेल्या गाण्यात तर कोवळा आणि पिकलेला आवाज शेजारी ठेवलेत. 'हिम'बद्दल माझी तक्रार इतकीच आहे की ५८ वर्षं कुठे गेली?

---

नीलपरी | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

काका, तुम्ही बोचेल्ली चोरून ऐकता हे आज उघड झालं! 

पण प्रश्न चांगला विचारलात. त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही.

---

मुक्ता_ठाणे | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी गाणं शिकवते, म्हणून वयाच्या मुद्द्यावर लिहिते.

आपल्याकडे बाईचा आवाज वयाबरोबर उतरला की तिला वाट मोकळी असते. काळी पाचमध्ये गाणारी काळी चारला येते, पुढे काळी तीनला. षड्ज आपला आपण ठरवायचा. राग तोच राहतो. कुणी म्हणत नाही की हा यमन खोटा. ऑपेरात मात्र रचनाकाराने सूर लिहून ठेवलेला असतो आणि त्याच उंचीवर गाणं अपेक्षित असतं. तो लागेनासा झाला की ती भूमिका सुटते. क्रॉसओव्हर गायिकेला पट्टी बदलायची मोकळीक आहे, पण तिच्या श्रोत्यांना तिचा वरचा सूरच हवा असतो. १९८६ मध्ये लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात 'द फँटम ऑफ द ऑपेरा' ही संगीतिका आली, त्यातली नायिका ब्राइटमनसाठीच लिहिली गेली होती. त्याच्या शीर्षकगीताच्या शेवटी जो उंच सूर आहे, त्याने तिचं नाव झालं. बत्तीस वर्षं लोक तिच्याकडे तोच मागतायत. मग ती आवाजाभोवती कॉयरची शाल घेत असेल तर मला ते समजतं.

गंगूबाई हनगल आठवा. सुरुवातीच्या 'गांधारी' नावाने निघालेल्या त्यांच्या तबकड्या ऐका. बारीक, वरचा, मुलीचा आवाज. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरून भरदार झाला. नव्याने ऐकणाऱ्याला बाई गातेय की पुरुष, असा प्रश्न पडायचा. त्यांनी तो लपवला नाही. त्याच आवाजात किराण्याची आलापी बांधली, आणि आज गंगूबाई म्हटलं की आपल्याला तोच आवाज ऐकू येतो. माझ्या विद्यार्थिनींना मी दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकवते. वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही.

अबोली, तुला जे हवंय ते हेच असावं. पण गंगूबाईंना ते मागणारा श्रोताही होता. ब्राइटमनला तसा श्रोता किती आहे?

---

तंबोरा_जुळवतोय | १७ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मुक्ताताई, काय लिहिलंत! 'गांधारी'च्या तबकड्या आता शोधून ऐकतो.

अवांतर: क्रॉसओव्हर, क्रॉसओव्हर म्हणून आपण नाक मुरडतोय, पण नाट्यसंगीत म्हणजे दुसरं काय? रागदारीच्या बंदिशीवरून पद बांधायचं, तीन-चार मिनिटांत आटपायचं, कथेत बसवायचं. तिकीट काढून आलेल्या माणसाला त्यातून मारवा कळला.

---

दादरचा_कट्टा | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

नाही पटलं. नाट्यसंगीत गाणारे आधी बैठकीचे गवई होते किंवा गवयांकडे शिकलेले होते. आणि बालगंधर्व माइकशिवाय थिएटर भरून टाकत. तुलना करायची तर तेवढी तयारी हवी.

---

मुक्ता_ठाणे | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

कट्टाकाका, तयारी असलेल्यांनाही वाद चुकला नाही. कुमारजींनी १९६५ मध्ये 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं तेव्हा बालगंधर्व हयात होते. कुमारजींच्या तयारीबद्दल कोण बोलणार? तरीही गंधर्वभक्तांपैकी काहींना ते सोसलं नाही, आणि काहींना तीच पदं पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली. माझे आजोबा पहिल्या गटात आणि आजी दुसऱ्या. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "ते उमजलेले म्हणाले होते, हुबेहूब म्हणाले नव्हते."

---

एडिसनकर | १७ नोव्हेंबर, रात्री ८:१०

आजींना दंडवत. 

मंडळी, विषय भरकटून धाग्याचा काश्मीर होतोय. (हिम आहेच.)

---

हर्षद_२२ | १८ नोव्हेंबर, रात्री १२:५०

मी इथे वयाने सगळ्यांत लहान असेन. ब्राइटमन कधीच ऐकली नव्हती. मी टेक्नो ऐकतो. पॉल काल्कब्रेनरचं एक गाणं शोधताना यादीत हिचं नाव दिसलं. बर्लिनच्या क्लबमधलं गाणं या बाईंनी घेतलंय हे बघून ऐकायला लावलं. मूळ गाण्यात त्याचा भाऊ जड, झोपाळलेल्या आवाजात गातो. रात्र संपत आलीय आणि घरी जायचं नाही असं वाटतं. हिने गायलं तेव्हा त्याच चालीत पहाट झाल्यासारखं वाटलं. मी चार वेळा ऐकलं. मग पूर्ण अल्बम ऐकला, मग हा धागा सापडला.

मला जुना आवाज माहीत नाही, त्यामुळे काय हरवलंय ते मला कळत नाही. मला हे सुंदर वाटलं. आता मागे जाऊन काय ऐकू? क्रमाने सांगा प्लीज.

---

नीलपरी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:००

ये रे ये! आधी 'ला लूना' ऐक. मग 'ईडन', त्यात इटालियन संगीतकार एनिओ मोरिकोनेच्या एका वाद्यरचनेवर शब्द बसवलेलं गाणं आहे. परवानगीसाठी तिने मोरिकोनेंना वारंवार पत्रं लिहिली होती. शेवटी ते कबूल झाले. रात्री दिवे बंद करून ऐक.

---

मांडवी_काठ | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

हर्षद, 'ड्रीमचेसर'ही सोडू नकोस. नीलपरीला कोरडा वाटतो, मला तो फार प्रिय आहे. तेव्हा ती अंतराळस्थानकावर जायची तयारी करत होती. २०१५ मध्ये तिने ते जाणं सोडलं, पण अल्बमभर आकाशाची ओढ ऐकू येते. त्यात रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ऑपेरातलं भारतीय व्यापाऱ्याचं गाणं आहे. रशियन माणसाने कल्पनेत ऐकलेला आपला देश. त्यात आपलं काहीच नाही, तरी ऐकताना गंमत वाटते.

---

ध्वनिवेडा | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

अबोली, एक सुचवतो. पूर्ण अल्बम ऐकू नका. फक्त दोन गाणी घ्या, एक हँडेलचं आणि एक लेहारचं. हँडेलचं त्याच्या तरुणपणी इटलीत लिहिलेल्या 'ल्युक्रेझिया' या कांताटातलं (गायनासाठीच्या रचनेतलं) आहे. लेहारचं १९२९ च्या ऑपेरेटातलं (हलक्याफुलक्या ऑपेरातलं), मुळात टेनरसाठी लिहिलेलं, इथे ती ते इटालियनमध्ये गाते. दोन्ही रचनांची घडण अशी की सगळा भार एका आवाजावर येतो. कॉयर असो, घुमारा असो, चाल पुढे न्यायला तीच लागते. स्पीकरवर ऐका, हेडफोन नकोत, आणि खोलीत एका बाजूला बसा. घुमारा थोडा सुटा होतो.

---

दादरचा_कट्टा | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

ध्वनिवेडा यांचं ऐकून लेहार लावलं. हे गाणं टेनर रिचर्ड टाउबरच्या १९२९ च्या तबकडीवर माझ्या वडिलांनी झिजवलंय, त्यामुळे मी तयारीनिशी बसलो होतो. 

बाईंनी ते टेनरसारखं मिरवलं नाही. हळू घेतलंय. मधल्या सप्तकात एक-दोन ठिकाणी आवाज किंचित जाड झालाय, आणि तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण एका माणसाला ऐकतोय. क्रॉसओव्हरबद्दलचं मत बदललेलं नाही. पण ५८ वर्षं कुठे गेली असं विचारलं होतं, त्यातली थोडी तिथे सापडली. नोंद करणं माझं काम होतं.

---

अबोली | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काल बाईंकडे गेले. त्या आता ७९ वर्षांच्या आहेत, कर्वेनगरला मुलाकडे असतात. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. सोबत छोटा स्पीकर नेला. त्यांना कॅसेटची गोष्ट आठवत होती, गाणं आठवत नव्हतं.

आधी मुख्य गाणं लावलं. अर्ध्यावर हाताने थांबवलं. म्हणाल्या, "हिला मागे कुणी बसवलंय? पुढे बसवा." मी सांगितलं की असंच ध्वनिमुद्रण आहे. त्यांना ते पटलं नाही, जणू मीच सतरंजी चुकीची घातली होती. मग मांडवी_काठ यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, कॉयरमध्ये एकमेकांचा श्वास झाकतात ते. त्यावर थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग ते परत लाव." या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.

मग हँडेल. त्यात एका लांब ओळीनंतर, पुढची ओळ उचलायच्या आधी, मला श्वास ऐकू आला. अगदी लहान. हेडफोनवर तीनदा ऐकताना कसा निसटला कळत नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचं आधीच लक्ष गेलं होतं. हसल्या आणि म्हणाल्या, "सापडली."

शेवटचं निरोपाचं गाणं लावायची हिंमत तिथे झाली नाही. बाईंनी विचारलं, अजून आहे का? मी म्हटलं, एक आहे, पुढच्या आठवड्यात आणते.

ध्वनिवेडा, खोलीत एका बाजूला बसायचा सल्ला कामी आला. मुक्ताताई, 'गांधारी'ची ध्वनिमुद्रणं बाईंनाही ऐकायची आहेत. कुठे मिळतील?

---

मुक्ता_ठाणे | २० नोव्हेंबर, रात्री ९:५५

माझ्याकडे आहेत. उद्या पाठवते. बाईंना नमस्कार सांग.

---

मांडवी_काठ | २० नोव्हेंबर, रात्री १०:३०

अबोली, आमच्या नाताळच्या तालमी सुरू झाल्यात. उद्या टेनरच्या रांगेत तुमच्या बाईंचं वाक्य सांगतो. आमच्यातला एक जण सारखा मागे जाऊन उभा राहतो, त्याला पुढे बसवायचंय.